छिद्रं लाल, बोट लावलं की निळं: ही बोलेट अळंबी कोणती, आणि खाण्याजोगी आहे का?

सोनसावली:

नमस्कार मंडळी. परडी समोर ठेवूनच लिहितेय, त्यामुळे प्रश्न जरा लांबेल.

गेली तीन वर्षं मी रानात अळंबी बघत हिंडते. खाण्यासाठी फक्त दोन जाती उचलते, त्याही एका जाणत्या बाईंनी हातात देऊन, कापून दाखवल्या म्हणून. बाकी सगळं बघायचं, फोटो काढायचा, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि जागच्या जागी सोडायचं, हा माझा नेम. काल तो मोडला.

चार दिवस सतत पाऊस होता, मग दोन दिवस छान ऊन पडलं. मध्य युरोपातलं मिश्र जंगल आहे. उतारावर वरच्या अंगाला स्प्रूसची झाडं, खाली बीच आणि ओकची. बरोबर माझी नऊ वर्षांची लेक होती. पहिली अळंबी तिलाच दिसली. वरून अगदी साधी, गडद तपकिरी, हाताला मखमलीसारखी मऊ. तिने वाकून खालून बघितलं आणि म्हणाली, "आई, हिला खालून रक्त आलंय." खरंच तसं दिसत होतं. टोपीची खालची बाजू शेंदरी-लाल, आणि छिद्रं इतकी बारीक की डोळे अगदी जवळ नेल्याशिवाय वेगळी दिसेनात. मी बोट टेकवलं. उचलेपर्यंत तिथं माझ्या बोटाचा निळा-काळा ठसा उमटला होता, रेघांसकट.

मग आम्हाला आणखी दोन मिळाल्या. एक जवळच, दुसरी परतताना, बरीच खाली. तिन्ही बुंध्याशी चाकूने कापून घेतल्या, जमिनीतलं जाळं दुखावू नये म्हणून.

घरी येऊन पुस्तकं काढली आणि गोंधळ वाढला. एक पुस्तक म्हणतं, लाल छिद्रांची बोलेट विषारी, तिच्या वाटेला जाऊ नका. दुसरं म्हणतं, लाल छिद्रांची एक जात नीट शिजवली तर उत्तम. फोनवरच्या ॲपने तीन फोटोंना तीन वेगळी नावं दिली. तिसऱ्या अळंबीला गोगलगाईने कडेने कुरतडलेलं आहे, म्हणजे निदान तिला तरी ती बाधली नसावी, असं घरातल्यांचं म्हणणं.

तीन फोटो खाली देतेय. ह्या नक्की बोलेटच ना? कोणत्या? आणि मनातली खरी भीती: लेकीने त्या दोन तास हातात धरल्या होत्या. घरी आल्यावर हात धुतले, पण मधे तोंडाला लागले असतील तर?

पाऊलवाट:

टाकून द्या, ताई. मी शिकलो ते असं: लाल छिद्रं आणि कापल्यावर निळं, ह्या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की विषय संपला. फार वाटलंच तर कणभर तुकडा जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाका, कडू लागली तर शंकाच उरत नाही. पण मी तर तेवढंही करणार नाही.

रानमाळ:

सोनसावली ताई, आधी लेकीचं. हात लावल्याने काही होत नाही. अळंबीतलं विष कातडीतून आत जात नाही, ते पोटात जावं लागतं. दोन तास धरली काय आणि दिवसभर धरली काय, हात धुतले की झालं. हे वाचून निर्धास्त व्हा, मग पुढचं वाचा.

ह्या बोलेटच आहेत. टोपीच्या खाली पाकळ्यांसारखी पटलं नाहीत, स्पंजासारखा थर आहे. तो थर म्हणजे उभ्या नळ्यांचा जुडगा, आणि तुम्हाला दिसतात ती छिद्रं म्हणजे त्या नळ्यांची तोंडं. लाल रंग बहुधा फक्त तोंडांना असतो. अळंबी उभी चिरलीत तर आतल्या नळ्या पिवळ्या किंवा पिवळट-हिरव्या निघतील. बघाच, सुंदर दिसतं.

आता पाऊलवाट यांच्या सल्ल्याबद्दल. "टाकून द्या" हा त्यांचा निष्कर्ष मला नवख्या माणसासाठी शंभर टक्के मान्य आहे. लाल छिद्रांच्या बोलेट सरसकट टाळल्या तर नुकसान काहीच नाही, आणि या गटातल्या सगळ्यात वाईट जातींपासून माणूस वाचतो. पण त्यामागची कारणं तपासायला हवीत, कारण चुकीचं कारण डोक्यात बसलं की ते पुढच्या वेळी भलतीकडे नेतं.

निळं होण्याचंच घ्या. बोलेटच्या गरात व्हेरिगॅटिक आम्ल आणि झेरोकोमिक आम्ल अशी रंगद्रव्यं असतात. गर कापला की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, विकरं कामाला लागतात आणि ही द्रव्यं निळ्या रूपात जातात. त्याचा विषाशी काडीचाही संबंध नाही. इम्लेरिया बॅडिया ही तपकिरी टोपीची बोलेट दाबली की निळसर होते, आणि लोक ती वर्षानुवर्षं खात आलेत. गायरोपोरस सायनेसेन्स तर कापताक्षणी गडद निळी होते, तीही खाण्याची. (तिच्यातलं रंगद्रव्य वेगळं आहे, पण मुद्दा तोच.) आता उलट बाजू बघा. सैतानाची बोलेट, जिची एवढी धास्ती, तिचा गर पांढुरका असतो आणि फिकट, जरा रेंगाळत निळा होतो. म्हणजे "जास्त निळी ती जास्त वाईट" असा हिशेब धरणारा माणूस नेमकी सैतानाची बोलेट बरी म्हणून घरी आणेल. मी हे घडताना पाहिलंय, म्हणून इतकं लांबवतोय.

जिभेला लावून बघण्याबद्दल: पाऊलवाट, राग मानू नका, पण ही गोष्ट इथं कुणी करू नये. कडू लागणाऱ्या बोलेट वेगळ्या. कॅलोबोलेटस कॅलोपस कडू आहे, तिचा दांडा लाल असतो पण छिद्रं पिवळी. टायलोपिलस फेलियस कडू आहे, तिची छिद्रं पांढरी, पुढं गुलाबीसर होतात. सैतानाची बोलेट मात्र चवीला सौम्य असते. जीभ काही सांगणार नाही, आणि कच्चा तुकडा तोंडात गेलेला असेल, तोही अशा जातीचा जी कच्ची असतानाच सगळ्यात जास्त बाधते.

गोगलगाईचं तर विसराच. गोगलगाय अमानिटा फॅलॉइडीस आवडीने खाते, आणि ती माणसाचं यकृत निकामी करते. आपलं पोट आणि तिचं पोट सारखं नाही.

"लाल छिद्रं" म्हणजे एक जात नव्हे. जुन्या पुस्तकांत ह्या सगळ्या बोलेटस याच प्रजातीत होत्या. आता त्या रुब्रोबोलेटस, निओबोलेटस, सुइलेलस अशा विभागल्यात. पहिल्या दोन प्रजाती २०१४ मध्ये वेगळ्या काढल्या गेल्या, त्यामुळे पुस्तक त्याआधीचं असेल तर नावं जुळणारच नाहीत. तुमचा अर्धा गोंधळ तिथला असू शकतो.

आता फोटो. पहिल्या दोन एकमेकींसारख्या दिसतात. तिसरी मला वेगळी वाटते. टोपी फिकट आहे ना? की उजेडामुळे तसं दिसतंय? आणि दांड्यावर मला जाळी दिसल्यासारखं वाटतंय, पण फोटो तिथंच धूसर झालाय. हा फरक छिद्रांच्या रंगापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, म्हणून तुम्हालाच कामाला लावतो.

भिंग घ्या. दांडा खिडकीच्या उजेडात धरा आणि बघा: लाल रंग सुट्ट्या ठिपक्यांचा आहे, जणू कुणी लाल रवाळ पूड भुरभुरवलीय, की रेघा एकमेकींना जोडून जाळं विणलंय? जाळं असेल तर घरं गोल आहेत की उभी लांबट? मग प्रत्येकीला टोपीपासून तळापर्यंत एकदा उभं चिरा आणि घड्याळ बघा. गराचा मूळ रंग, निळं व्हायला लागलेला वेळ, निळं कुठं झालं आणि कुठं नाही, हे लिहून ठेवा. नळ्या आणि गर जिथं मिळतात तिथं लाल रेघ आहे का तेही बघा. वास घ्या. आणि तिन्ही कुठं उगवल्या होत्या तिथली माती आठवा.

एक चूक सांगतो, सगळेच करतात. बुंध्याशी कापू नका. ओळखायची असलेली अळंबी हलकेच पिळून, तळासकट उपटायची. जमिनीखालचं जाळं त्याने मरत नाही, झाडाचं फळ तोडल्यासारखंच आहे ते. पण दांड्याचा तळ रानात राहिला की ओळखीचा निम्मा पुरावा रानात राहतो. तळ फुगीर आहे का, आतून बीटसारखा लाल आहे का, हे आता कसं कळणार? जागा लक्षात असतील आणि जमलं तर जाऊन ते बुंधे घेऊन या.

सोनसावली:

रानमाळ दादा, लेकीबद्दल वाचून रात्री झोप लागली. खरंच आभार.

सकाळी एकटीच गेले. वरचे दोन्ही बुंधे लगेच सापडले, खालचा शोधायला अर्धा तास गेला. पानं बाजूला केली तेव्हा दिसला, आणि बघून धस्स झालं. जमिनीत राहिलेला भाग माझ्या मुठीएवढा होता! मी कापला होता तो वरचा निमुळता भाग. खरी अळंबी खालीच राहिली होती.

घरी येऊन टेबलावर पांढरा कागद अंथरला, तिन्ही ओळीने ठेवल्या आणि तुम्ही सांगितलं तसं केलं.

पहिली आणि दुसरी: टोपी गडद तपकिरी, दाबलं की काळपट. दांडा पिवळसर, त्यावर लाल ठिपके, दाट पण सुट्टे. भिंगातून दहादा बघितलं, एकही ठिपका दुसऱ्याला रेघेने जोडलेला नाही. तळाकडे किंचित जाड, गड्ड्यासारखा नाही. चिरल्यावर गर झळझळीत पिवळा, पण तो पिवळा मला जेमतेम दिसला. सुरी खाली जाईपर्यंत वरून निळा धावत आला. दोन सेकंदंही नाही. शाई सांडावी तसा. दहा मिनिटांनी तोच निळा विरून मळकट झाला. लाल रेघ नाही. तळाचा गर बीटसारखा नाही. वास नुसता ओल्या मातीचा. जागा: स्प्रूसखाली, जाड शेवाळात.

तिसरी: दादा, टोपी खरंच फिकट आहे. राखाडी-पांढरी, कडेला किंचित हिरवट, जुन्या खडूच्या तुकड्यासारखी. परडीत ती पालथी ठेवली होती, मला दिसत होता तो फक्त लाल भाग, आणि मनाने ठरवून टाकलं होतं की तिन्ही एकच. टोपी सतरा सेंटीमीटर भरली. दांड्यावर जाळी आहे, बारीक लाल जाळी, वरच्या भागात अगदी स्पष्ट. चिरल्यावर गर पांढुरका, जरा पिवळट झाक. मी घड्याळ बघत बसले. वीस सेकंदं काही नाही. मग नळ्यांच्या वर हलकी आकाशी छटा आली, दांड्यात त्याहून कमी, आणि तळाला जवळजवळ नाहीच. वास काल जाणवला नव्हता. आज चिरलेल्या तुकड्याजवळ नाक नेलं आणि मागे सरले. सडलेल्या कांद्यासारखा. जागा: बीचखाली, पाऊलवाटेच्या कडेला. तिथं पांढरे चुनखडीचे दगड उघडे पडलेत, बुटाला पांढरं लागतं.

हे लिहिताना हात थरथरतोय. काल रात्री पुस्तकातलं "नीट शिजवली तर उत्तम" वाचून मी तिन्ही एकत्र चिरायला घेणार होते. पाणीसुद्धा तापत ठेवलं होतं.

रानमाळ:

ताई, इतकं नीट निरीक्षण इथं क्वचित वाचायला मिळतं. सुरीच्या मागे धावणारा निळा रंग मला लिहिता आला नसता.

तिसरी सैतानाची बोलेट आहे, रुब्रोबोलेटस सेटॅनास. खडूसारखी टोपी, लाल छिद्रं, गड्ड्यासारखा दांडा, त्यावर लाल जाळी, पांढुरका गर, मंद निळं, वय झाल्यावर कुजका वास, चुनखडीची ऊबदार जागा आणि बीच: सगळ्या खुणा एका दिशेला बोट दाखवतात. जवळच्या दोघी मी तपासून बाजूला ठेवल्या. रुब्रोबोलेटस लेगॅलिए फिकट असते, पण टोपीवर गुलाबी झाक चढते आणि ती चुना नसलेल्या मातीत येते. रुब्रोबोलेटस ऱ्होडोझँथस गुलाबी झाकेची, पण तिचा गर चांगला पिवळा आणि निळा होतो तो फक्त टोपीत. ह्या दोन्हीही खायच्या नाहीत, म्हणजे परडीच्या दृष्टीने निकाल तोच.

सैतानाच्या बोलेटला नाव दिलं ते हाराल्ट ओटमार लेंझ या जर्मन निसर्गअभ्यासकाने, १८३१ मध्ये. खाऊन आजारी पडलेल्यांच्या हकिकती त्याच्यापर्यंत आल्या होत्या, आणि वर्णन करत असताना नुसत्या वासाने त्याला स्वतःलाही बरं वाटेनासं झालं होतं म्हणतात. तुम्ही नाक मागे घेतलंत ते वाचून मला तोच आठवला. हिच्यातून बोलेसॅटिन नावाचं एक ग्लायकोप्रोटीन वेगळं काढलं गेलंय. ते पेशींमध्ये प्रथिनं तयार होण्याचं काम अडवतं. कच्ची खाल्ली तर फार वाईट, पण "मग शिजवली की भागेल" असं मी कुणालाही म्हणणार नाही.

पहिल्या दोन निओबोलेटस ल्युरिडिफॉर्मिस. जुन्या पुस्तकात बोलेटस एरिथ्रोपस या नावाखाली सापडेल. तपकिरी मखमली टोपी, सुट्टे ठिपके, पिवळा गर, क्षणात निळा, स्प्रूस आणि शेवाळ. सुइलेलस ल्युरिडस असती तर दांड्यावर लांबट घरांची ठसठशीत जाळी असती, बहुतेक वेळा नळ्यांच्या वर ती लाल रेघही मिळाली असती, आणि ती चुनखडी शोधते. सुइलेलस केलेटी असती तर जाळी नसती हे खरं, पण तळाचा गर बीटसारखा लाल असता. तुम्ही बुंधे आणायला परत गेलात म्हणून हे खात्रीने लिहू शकतो, कालच्या फोटोंवरून अजिबात लिहिलं नसतं.

आता खाण्याचं. पुस्तकातलं "उत्तम" ते ह्या दोघींबद्दल. मी स्वतः ही जात खातो, एकाच ठरलेल्या जागेवरची, आणि निदान वीस मिनिटं पूर्ण शिजवून. कच्ची किंवा अर्धवट राहिली तर हीसुद्धा पोट उलटवते. पण तुम्ही ह्या वेळच्या दोघी खाऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन दिवस त्या सैतानाच्या बोलेटबरोबर एका परडीत होत्या. विष काही हवेतून उडी मारत नाही, पण कुरतडलेल्या कडेचे तुकडे परडीत सांडलेले असणार, आणि लाल छिद्रांचा तुटका तुकडा कुणाचा ते कुणीच ओळखू शकत नाही. शिवाय ही तुमची पहिली भेट. पुढच्या पावसात तीच जागा बघा, तळासकट उपटा, ज्या बाईंनी तुम्हाला पहिल्या दोन जाती शिकवल्या त्यांच्या हातात द्या.

एक गोष्ट हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. "ठिपके म्हणजे बरी, जाळी म्हणजे वाईट" असं घोकून जाऊ नका. रुब्रोबोलेटस ड्युपाइनीच्या दांड्यावर लाल ठिपकेच असतात. तिची टोपी रक्तासारखी लाल आणि चिकट असते, आणि ती खायची नाही. आणि तुम्ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात असाल तर वर लिहिलेलं जवळजवळ सगळं वर्णन बोलेटस सबव्हेल्युटिपेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अळंबीलाही लागू पडतं: तपकिरी मखमली टोपी, लाल छिद्रं, जाळी नाही, क्षणात निळी. तिथं ती विषारी मानतात. पश्चिम भागात रुब्रोबोलेटस पल्चेरिमस आहे. १९९४ मध्ये ती खाऊन एका जोडप्याला त्रास झाला, त्यातला नवरा गेला. शवविच्छेदनात त्याच्या आतड्याचा मधला भाग रक्तपुरवठा तुटून मेलेला आढळला. बोलेट खाऊन कुणी मरत नाही, हे वाक्य मीही तरुणपणी म्हणायचो. त्या जोडप्याबद्दल वाचल्यापासून म्हणत नाही.

दवबिंदू:

"शिजवून" या शब्दावर थोडं लिहायचंय, कारण मी त्याच शब्दावर घसरले.

मला ल्युरिडिफॉर्मिस ओळखता येते. त्या दिवशीही ओळख बरोबर होती, नंतर उरलेल्या तुकड्यांवरून एका अभ्यासकाने खात्री केली. चूक चुलीवर झाली. तुकडे मोठे ठेवले, अंगठ्याएवढे जाड. आच मोठी. वरून झकास रंग आला, आठ मिनिटांत उतरवलं. खाताना एक तुकडा दाताखाली करकरला आणि आतून निळसर दिसला. मला तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण नीट शिजलेल्या गराला तो निळा राहत नाही, तो पिवळा होतो. पण ताट भरलेलं होतं.

दीड तासाने मळमळ सुरू झाली. मग उलट्या, जुलाब, पायांत गोळे. रात्र तशीच गेली. पहाटे उभं राहिले की डोळ्यांपुढे अंधार येत होता, तेव्हा दवाखान्यात गेले. शरीरातलं पाणी पार गेलं होतं, सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी बरी झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी ताट बाजूला सारलं होतं, ते नशीब. त्या वयात एवढं पाणी जाणं झेपलं नसतं.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं ते किती वाजता खाल्लं आणि किती वाजता सुरू झालं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. मग त्यांनी समजावलं: ह्या बोलेटचा त्रास अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत सुरू होतो. सहा तास किंवा त्याहून उशिरा उलट्या सुरू झाल्या, तर अमानिटा फॅलॉइडीससारख्या यकृतावर जाणाऱ्या अळंबीचा संशय धरावा लागतो, आणि तिथं मधे बरं वाटलं तरी ते खरं नसतं. म्हणून वेळ लिहून ठेवा. आणि लवकर सुरू झालं म्हणून निश्चिंत राहू नका, एकाच जेवणात दोन जाती गेलेल्या असू शकतात. ताईंच्या परडीत बघा, दोन होत्याच.

उरलेले तुकडे, सालटं, ताटातलं खरकटं, काहीही फेकू नका, कागदात गुंडाळून बरोबर न्या. मुद्दाम उलटी काढायला जाऊ नका. विष-मदत केंद्राला लगेच फोन करा, त्रास सुरू होण्याची वाट न बघता.

तेव्हापासून माझे तुकडे नखाएवढ्या जाडीचे असतात, आणि घड्याळ लावते.

पाऊलवाट:

रानमाळ, राग कसला. जिभेची युक्ती मी गेली दहा वर्षं लोकांना सांगत आलोय, ती आजपासून बंद. वरच्या प्रतिसादातलं ते वाक्य संपादकांनी काढलं तरी चालेल, किंवा राहू द्या, म्हणजे तुमचं उत्तर लोकांना कळेल.

एक विचारतो. ल्युरिडसबरोबर मद्य घेतलं तर त्रास होतो, असं ऐकलंय. खरं का?

रानमाळ:

ते राहूच द्या, वाचणाऱ्यांना उपयोगी आहे.

ल्युरिडस आणि मद्य ही जुनी समजूत. काही लोकांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, त्यावरून ती रूढ झाली. कोप्रिनॉप्सिस अट्रामेंटारिया या अळंबीत कोप्रिन नावाचं द्रव्य असतं, ते मद्याबरोबर खरोखर त्रास देतं. ल्युरिडसमध्ये ते शोधलं गेलं, पण सापडलं नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची अळंबी नीट शिजली होती का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तरी ल्युरिडस खाणारे माझ्या ओळखीचे सगळे जण त्या दिवशी मद्य टाळतात, आणि मी त्यांना टाळू नका असं कधी म्हटलेलं नाही.

सोनसावली:

दवबिंदू ताई, तुमचं वाचून घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गोगलगाईचा मुद्दा काढणारे गप्प बसलेत.

तिन्ही अळंबी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात गेल्या, परडी घासून वाळत टाकली. टाकण्याआधी दोन टोप्यांचे तुकडे, एक तपकिरी आणि एक खडूसारखी, कागदावर पालथे ठेवून वर वाडगे झाकले होते, बीजाणूंचा ठसा घ्यायला. आज सकाळी लेकीने वाडगे उचलले. ती म्हणत होती की सैतानाचा ठसा लाल येणार. दोन्ही कागदांवर एकच रंग आला, हिरवट-तपकिरी. बराच वेळ ती कागद अदलाबदल करून बघत होती. शेवटी तिने पेन्सिलने एकावर बारीक जाळी काढली आणि दुसऱ्यावर ठिपके, आणि दोन्ही वहीत चिकटवले.